दहापैकी तीन गुणांची सोयाबीन

माझे धाकटे दीर मृत्युंजय भाऊजी लातुरात एका शाळेवर मराठी शिकवतात. हे वाक्य मी मुद्दाम अगोदर टाकलं. याला 'विषयवाक्य' म्हणतात म्हणे, आणि ते पहिल्या ओळीत दिसलं नाही तर भाऊजींना घास गिळवत नाही. माझ्या रोजच्या वहीत ते त्यांना आजवर कधीच दिसलेलं नाही. सकाळी पूजा झाली, कपाळाला विभूती लावली, की मी देवघरासमोरच बसून वही लिहिते. काल कोण आलं, काय शिजलं, देवळात कोण भेटलं, दूध कसं उतू गेलं, सगळं एका दमात. भाऊजी चहाची वाट बघता बघता ती वही उचलतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "वहिनी, चार पानं झाली, एक परिच्छेद नाही. वाचणाऱ्यानं श्वास कुठं घ्यायचा?"

"वाचायला कुणी सांगितलंय?" मी विचारते.

त्यावर त्यांचं लाल पेन निघतं. हे पेन गळकं आहे, पण बदलत नाहीत. त्यामुळे प्रत्येक शर्टाच्या खिशाखाली रुपयाएवढा लाल डाग आहे. नवीन माणूस भेटला की आधी त्यांच्या छातीकडं बघून दचकतो, मग नमस्कार करतो.

सासूबाई सांगायच्या, हा लहानपणापासूनच असा. औशाजवळच्या आमच्या गावी पंगतीत बसला की भात वरणाला लागू द्यायचा नाही, वरण भाजीला लागू द्यायचा नाही. सगळं मोकळंमोकळं, मध्ये ताटाचा तळ दिसला पाहिजे. पुढं हाच पोरगा परिच्छेद शिकवणार हे तेव्हाच कळायला पाहिजे होतं, पण खेड्यातली माणसं, एवढी दूरदृष्टी कुठली.

त्यांची बायको मंजुश्री नांदेडला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. म्हणून सोमवार ते शनिवार भाऊजी आमच्याकडं जेवतात आणि शनिवारी दुपारी नांदेडची गाडी धरतात. रोज संध्याकाळी तिला फोन असतो. नवरा-बायको काय बोलतात ते मी ऐकत नाही, पण भाऊजी वर्गात बोलतात तेवढ्याच आवाजात फोनवर बोलतात, मी तरी काय करू? आधी आज कशाबद्दल बोलणार ते सांगतात. मग मुद्दे. मग एक उदाहरण. आणि शेवटी, "तर अशा प्रकारे..." हे आलं की मंजुश्री तिकडून फोन ठेवते. बावीस वर्षांच्या संसारात तिला तेवढी खूण पुरते.

आता लातुरात मराठी शिकवणं म्हणजे काय ते सांगते. इथं पोरगं आठवीत गेलं की त्याच्या पेनाला एकच काम उरतं, गोल काळे करणं. चारांतला एक गोल. वाक्य लिहिणं हा वेळेचा अपव्यय. गल्लीतल्या एका पोराला मी परवा सहज विचारलं, "जेवलास का रे?" तर म्हणाला, "काकू, पर्याय सांगा."

अशा गावात भाऊजी बावीस वर्षं परिच्छेद शिकवतात. त्यासाठी त्यांनी एक मंत्रही काढलाय. वि म्हणजे विषयवाक्य, स्प म्हणजे स्पष्टीकरण, उ म्हणजे उदाहरण आणि स म्हणजे समारोप. विस्पउस. पोरं तास सुरू व्हायच्या आधी उभं राहून हे तीनदा म्हणतात. आम्हाला जन्मभर पाच अक्षरांचा मंत्र पुरला, नमः शिवाय. भाऊजींनी चारातच मोक्ष आणला.

पण लातूरच्या पोरांना मंत्रापेक्षा साचा लवकर कळतो. भाऊजींनी एकदा, फक्त समजावं म्हणून, फळ्यावर लिहून दिलं होतं: 'अमुक हे माझे आवडते तमुक आहे. याची तीन कारणे आहेत. पहिले कारण असे की... तर अशा प्रकारे...' झालं. त्या दिवसापासून पोरांना परिच्छेद यायला लागला. कुठल्याही विषयाला कपडा तोच. आमची लेक तनुजा त्यांच्याच वर्गात, आठवीला. 'घरातील एक दुःखद प्रसंग' यावर तिनं लिहिलं, 'आजीचे निधन हा माझा आवडता दुःखद प्रसंग आहे. याची तीन कारणे आहेत.' भाऊजींनी दहापैकी नऊ दिले. आजी म्हणजे त्यांची सख्खी आई.

मी विचारलं, "भाऊजी, एक मार्क कशाचा कापला?"

"तिसरं कारण नीट पटलं नाही, वहिनी."

यंदा जुलैत मात्र भाऊजींच्या विषयवाक्यालाच धक्का लागला. संस्थेचे सचिव अण्णाराव यांनी त्यांना बोलावून घेतलं. अण्णाराव मोठे शिक्षणप्रेमी. शिक्षण कुठं आडवं येत असेल तर ते स्वतः जाऊन बाजूला करतात.

"सर, मराठी पोरांना घरीच येती की," अण्णाराव म्हणाले. "शाळेत आठवड्याला नाहक पाच तास कशाला? ते आपुन फाउंडेशनला देऊन टाकू."

फाउंडेशन म्हणजे बारावीनंतरच्या डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी, जी आठवीपासून सुरू केली नाही तर पोरगं वाया गेलं असं धरतात. भाऊजींनी बरीच खळखळ केली तेव्हा ठरलं असं: पुढच्या सोमवारी नांदेडच्या शाखेतून आरती मॅडम येतील. त्या ऐनवेळी विषय देतील. पोरांनी त्यांच्यासमोर एक धड परिच्छेद लिहून दाखवला तर मराठीचे तास राहतील. नाही जमलं, तर तास फाउंडेशनला आणि भाऊजी नांदेडच्या वसतिगृहावर रेक्टर.

"बरंच की," आमचे हे म्हणाले. "नांदेडला घर आहे तुझं. बायको आहे. रोज गरम जेवशील."

मी माझ्या पोळ्यांकडं बघितलं. त्या गारच होत्या हे खरं, पण असं बोलून दाखवायचं?

मंजुश्रीही फोनवर तेच म्हणाली. भाऊजींनी फोन कानापासून लांब धरला होता, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. "मग या की. काय बिघडून राहिलं तुमचं?"

"रेक्टर म्हणून येऊ?" भाऊजी म्हणाले. "रात्री पोरांचे मोबाइल गोळा करायला? मंजू, मला दुसरं काही येत नाही गं. परिच्छेद तेवढा येतो."

त्या दिवशी 'तर अशा प्रकारे' म्हणाले, पण फार हळू. मंजुश्रीला ऐकू गेलं नसावं. फोन बराच वेळ चालूच होता.

तर तयारी सुरू झाली. गुरुवारी संध्याकाळी भाऊजींनी पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. त्यांची बोटं जाड, अक्षरं दाबली जात नाहीत, म्हणून ते मोबाइलला तोंडानं सांगतात आणि मोबाइल लिहितो. परत वाचत नाहीत. पोरांना मात्र 'लिहिलेले दोनदा वाचा' असा नियम आहे. भाऊजी म्हणाले, "पॅरा." मोबाइलनं लिहिलं:

'शनिवारी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचा एक पेरा लिहून आणावा. पेरा नसल्यास वर्गात बसू दिले जाणार नाही.'

आता हे पीकविम्याचे दिवस. वावरात यंदा काय पेरलं, किती पेरलं, हे शेतकऱ्यानं सही करून लिहून द्यायचं असतं. त्या कागदाला पीकपेरा म्हणतात, आणि या दिवसांत नुसतं 'पेरा' म्हटलं की सातवी नापास माणसालाही कळतं. कळत नाही ते फक्त मराठीच्या सरांना.

ग्रुपवर प्रश्न यायला लागले. भाऊजी झोपाळ्यावर बसून तोंडानंच उत्तरं देत होते आणि मी शेंगा सोलत ऐकत होते.

'सर, कोणत्या साली चा?'

"यंदाचाच पाहिजे. मागच्या वर्षीचा कुणाचा कॉपी करून आणू नये."

'सर सही लागते का?'

"पालकांची सही आवश्यक."

'सर आमच्याकडे शेती नाही. भाड्याने राहतो. काय करावे?'

इथं तरी माणसानं थबकावं की नाही? भाऊजी माझ्याकडं वळून म्हणाले, "बघा वहिनी, लोकांना वाटतं शेती असेल तरच विषय सुचतो." आणि मोबाइलला सांगितलं, "शेती असण्याची गरज नाही. प्रत्येकाकडे काहीतरी असतेच. शोधा. आजोबांना विचारा."

शनिवारी बेचाळीस पोरांनी काय काय आणलं ते तनुजानं मला हसत हसत, अर्धं गिळत सांगितलं. निम्म्याहून जास्त पोरांच्या हातात पीकपेरा. कुणी छापील, कुणी झेरॉक्स, चौघांनी वर सातबारा टाचलेला, सर मागाहून मागतील म्हणून. एकानं घरच्या कुंडीत मेथी टाकून कुंडीच उचलून आणली होती. एका डॉक्टरांच्या पोरानं पेरू आणले होते, दोन. त्याच्या मम्मीचं म्हणणं, सरांचं टायपिंग चुकलंय. सगळ्या लातुरात चूक झालीय एवढं तिला एकटीलाच कळलं आणि तरी निघाला पेरूच.

मुरुडचे एक पालक तर मोटारसायकलवर स्वतः आले. वर्गाच्या दारात उभं राहून म्हणाले, "सर, एक विचारू का? हे पेऱ्याचं काम तलाठ्याकडून शाळेकडं कवा आलं?"

दुपारी भाऊजी गठ्ठा काखेत मारून घरी आले आणि चप्पल काढायच्या आत म्हणाले, "वहिनी, या जिल्ह्यात एका माणसाला परिच्छेद म्हणजे काय ते कळत नाही!"

"भाऊजी, मेसेज परत वाचला का?"

वाचला. चप्पल न काढताच झोपाळ्यावर टेकले. मग म्हणाले, "ही मोबाइलची चूक आहे."

मी पाणी दिलं. दुसरं काय देणार.

गठ्ठ्यात एकच कागद त्यांना परिच्छेदासारखा दिसला. रेघांच्या वहीचं पान, हातानं लिहिलेलं, वाक्यात. लुंबिनी नावाच्या पोरीनं दिलेला. भाऊजींना गाडीची घाई होती. त्यांनी उभ्याउभ्याच लाल पेन चालवलं. 'विषयवाक्य नाही. समारोप नाही. शुद्धलेखन!' आणि खाली गोलात ३/१०. "बाकीचं रद्दीत टाका," म्हणाले आणि नांदेडला निघाले. सोमवार परवावर आला होता आणि वर्गाकडून एकही पॅरा हातात आला नव्हता, तरी गाडी चुकवली नाही हे विशेष.

रविवारी मी डबे पुसून खाली घालायला तेच कागद घेतले. लुंबिनीचा कागद हातात आला तेव्हा अक्षर आठवीतल्या पोरीचं नाही हे मला लगेच दिसलं. मी वाचायला लागले, ते उभ्यानंच वाचून काढलं. तो कागद जसा होता तसा इथं उतरवते (यातला तास म्हणजे पेरणीची ओळ, शाळेचा तास नव्हे):

'मी मारोती किसन कांबळे, ता. शिरूर अनंतपाळ, लिहून देतो की माझ्या दोन एकरातलं एक एकर पंचवीस गुंठे यंदा पेरलं हाय. पाणी मागं पडलं म्हणून सोयाबीन पंधरा दिस मागं पेरली. मागं पेरली म्हणून चार तासाला एक तास तुरीचं घातलं, एक गेलं तर एक राहील. खालच्या अंगाला लिंबापाशी पंधरा गुंठे मोकळं ठेवलं. तिथं पानी साचतंय. मागच्या दोन साली पेरलं तर दोनी साली सडलं. तिथंबी पेरा दावा, कोन बघतंय, असं एक जन म्हनला. पर जे पेरलं न्हाई ते लिहीत न्हाई. सही.'

गावातल्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या सेंटरची लाइट गेली म्हणून लुंबिनीच्या आजोबांनी हातानं लिहून कागद एस.टी.च्या कंडक्टरकडं दिला होता, हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच वाटलं की आपल्या वहीत आपण आजवर 'म्हणून' किती कमी लिहिलंय. मी कागद डब्याखाली घातला नाही. वहीत ठेवला.

सोमवारी सकाळी भाऊजी नांदेडहून उतरून थेट आले. मी कागद पुढं केला. "हे वाचलं का नीट?"

"वाचलं की. तीन दिलेत."

"एक शब्द जास्त नाही यात. कशाला काय कारण ते लगेच पुढं आहे."

"वहिनी, विषयवाक्य कुठाय?"

"अहो, पहिलीच ओळ. किती पेरलं ते."

"ती माहिती झाली." चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. "आज मला साचाच तारणार. निदान वाक्यं तरी पूर्ण येतील."

तो पहिला श्रावणी सोमवार. मी सिद्धेश्वराला बेल वाहिला, नवस वगैरे काही बोलले नाही. एवढंच म्हणाले, देवा, यांना रेक्टर करू नको. ती वसतिगृहाची पोरं आईबापापासून लांब राहतात, त्यात यांच्यासमोर भात आणि वरण वेगवेगळं खावं लागेल. मग उपाशीपोटी शाळेत गेले. पालकांना मागच्या बाकांवर बसवलं होतं. पुढं खुर्चीत अण्णाराव, त्यांच्या शेजारी आरती मॅडम. मॅडम साध्या, कॉटनची साडी, पर्समध्ये पाण्याची बाटली. पोरांनी विस्पउस तीनदा म्हटलं. अण्णारावांनी हात जोडले. त्यांना वाटलं, प्रार्थना चाललीय.

मॅडमनी फळ्यावर विषय लिहिला, 'आज सकाळी'. दहा मिनिटं पेनं चालली. भाऊजी खिडकीपाशी उभे होते, खिशाखालचा डाग आज नवा होता. मॅडमनी कागद गोळा केले आणि वरचा मोठ्यानं वाचला. "आजची सकाळ ही माझी आवडती सकाळ आहे. याची तीन कारणे आहेत." दुसरा उचलला. "आजची सकाळ ही माझी आवडती सकाळ आहे." तिसरा. चौथ्याला त्या नुसत्या 'तीन कारणे' म्हणाल्या आणि थांबल्या.

"बगा मॅडम," अण्णाराव म्हणाले. "पाठच करायचं तर मंग फाउंडेशनचं काय वाईट हाय? त्याचे निदान मार्क तरी येतेत."

खरं बोलणारा माणूस इतका वाईट वाटावा असं क्वचित होतं. आयुष्यात पहिल्यांदा भाऊजींकडं मुद्दा नव्हता.

आणि तेवढ्यात दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. धोतर, पांढरी टोपी, काखेत छत्री. "जयभीम सर. मी लुंबिनीचा आबा, मारोती. माझा पेरा द्या. बुधवारी मुदत संपायलीय."

अण्णाराव म्हणाले, "अहो आबा, दुसरा लिहा की. इथं महत्त्वाचं चालू आहे."

"लिहिन की. पर सही करून दिल्याला कागद हाय माझा. असा कुनाकडं बी कसा सोडू?"

भाऊजी पार गोंधळले. कागद त्यांच्याकडं नव्हता, माझ्या वहीत होता, आणि वही देवळापासून माझ्या पिशवीतच होती. मी उठले, वहीतून काढला आणि आबांच्या हातात दिला. देताना लाल गोल वर आला. आबांनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"धापैकी तीन?"

वर्ग फिस्सकन हसला.

"सर, सोयाबीन तर बरी हाय की. तीन कामून?"

"आबा, ते... मला वाटलं लुंबिनीनं लिहिलंय."

"मंग तिला बी तीन कामून?"

आरती मॅडमनी विचारलं, "आबा, काय लिहिलंय त्यात?" आबा म्हणाले चष्मा गावीच राहिला, नात वाचून दाखवील. लुंबिनी उठली आणि तिनं तो कागद वाचला, सरळ, न थांबता. 'जे पेरलं न्हाई ते लिहीत न्हाई' इथपर्यंत आली. मग मागून एका पोराला राहवलं नाही. "आबा, कोण म्हणला ओ, तिथंबी पेरा दावा?"

"तुला रं कशाला चौकशा? त्याचा नातू ह्याच वर्गात हाय."

बेचाळीस माना गर्रकन फिरल्या. त्यातली एक जरा उशिरा फिरली.

भाऊजी खिडकीपासून पुढं आले. "आबा, त्या लिंबापाशी पाणी का साचतं?" उत्तर माहीत नसलेला प्रश्न मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

"वरून रस्ता झाला न्हाई का. रस्त्याखालून पानी जायाला मोरी ठेवली न्हाई त्येंनी. सगळं पानी माज्याच वावरात."

"मग ते का नाही लिहिलं यात?"

आबांनी त्यांच्याकडं असं बघितलं, जसं भाऊजी माझ्या वहीकडं बघतात. "सर, ह्यो पेऱ्याचा कागद हाय. मोरीचं येगळ्या कागदावर लिहिन."

बावीस वर्षं जे सांगायला भाऊजींना चार अक्षरं, तीन कारणं आणि दोन खडू रोज लागत होते, ते कुणीतरी दारात उभं राहून छत्री न ठेवता सांगून टाकलं होतं. त्यांनी डस्टर घेतलं आणि फळ्यावरचं विस्पउस पुसलं. कोपऱ्यात 'कृपया पुसू नये' लिहिलेलं होतं, तेही पुसलं.

"पोरांनो," ते म्हणाले, "मोरीचं वेगळ्या कागदावर. कळलं का?"

"हाव सर!"

"आज सकाळी तुमच्या घरात जे झालं, त्यातली एकच गोष्ट लिहा. ती तशी का झाली ते लिहा. झालं नाही ते लिहू नका. आणि 'आवडती' हा शब्द कुणी लिहिला तर बघा!" मग मॅडमकडं वळून हळूच म्हणाले, "दहा मिनिटं द्या, मॅडम."

मॅडमनी पंधरा दिली. आबा पालकांच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. "तुमी सरांच्या कोन?" म्हणाले. वहिनी म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, सांत्वनाची हलवतात तशी.

या खेपेला मॅडम कागद मोठ्यानं वाचत नव्हत्या. एकेक वाचून उलटा ठेवत होत्या, मध्येच एकदा हसल्या, एकदा चष्मा पुसला. तनुजाचा कागद मी घरी आल्यावर वाचला. 'आज सकाळी काकांनी चहा बशीत ओतला नाही. ते रोज ओततात. आज त्यांचा हात हलत होता म्हणून त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला. आईने ते बघितलं आणि काही बोलली नाही. आई रोज बोलते.' बस, एवढंच. पोरगी कुणावर गेलीय कोण जाणे.

अण्णारावांनी गठ्ठा चाळला आणि त्यांना खरोखर काळजी वाटली. "मॅडम, बेचाळीस पोरं, बेचाळीस तऱ्हा. एकाचं दुसऱ्याशी जुळंना. हे तपासायचं कसं?"

"वाचून," आरती मॅडम म्हणाल्या.

हा उपाय अण्णारावांच्या कानावर आधी आलेला दिसला नाही. शेवटी तोड निघाली ती अशी: पाचांतले तीन तास मराठीला राहतील. दोन फाउंडेशनला जातील, कारण अण्णारावांचंही मन राखायचं होतं. रेक्टर दुसरं कुणी बघतील. आणि भाऊजींनी दर शनिवारी नांदेडच्या शाखेत जाऊन तिथल्या शिक्षकांना हे शिकवायचं. तास तीनच राहिले, पण भाऊजी राहिले.

इकडं आबांचा प्रश्न तसाच होता. लाल गोलाचा कागद विम्याला कोण घेणार? भाऊजी म्हणाले, मी उतरवून देतो. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी कोरा कागद घेतला, निळं पेन उसनं मागितलं, कारण त्यांच्याकडं लालच होतं, आणि लिहायला बसले. मी दारात उभी राहून बघत होते. 'एक जन म्हनला' इथं त्यांचा हात थांबला. बोटं पांढरी पडली. पण दोन्हीकडं 'न'च लिहिला. एक काना बदलला नाही, एक मात्रा घातली नाही. आबांनी खाली सही केली आणि फुंकर मारून शाई वाळवली.

"आता किती देताव, सर?"

"याला मार्क नसतात आबा."

"मंग बरं हाय. इमावाले बी तसंच म्हनू नयेत म्हंजे झालं."

भाऊजींचा नरमपणा त्या दिवसापुरताच टिकला. मंगळवारी तनुजानं सांगितलं, फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'पेरा पद्धत' असं लिहिलंय आणि खाली कंसात 'संकल्पना: मृत्युंजय सर'. मी म्हटलं, भाऊजी, आबांचं नाव? तर म्हणाले, "ते मोरीचं झालं, वहिनी. वेगळ्या कागदावर येईल." लाल पेनही परत खिशात आलंय. माझ्या वहीच्या कालच्या पानावर त्यांनी फक्त एके ठिकाणी आडवी रेघ ओढली आणि म्हणाले, "इथं एक ओळ सोडा. इथून दूध संपलं आणि देऊळ सुरू झालं." मी सोडली. त्यांच्यासाठी नाही, दूध आणि देऊळ एकत्र नकोच म्हणून.

पण सोमवारी संध्याकाळचा फोन मी ऐकला, तो सांगते. म्हणजे आम्ही सगळ्यांनीच ऐकला. भाऊजी झोपाळ्यावर होते. तिकडून मंजुश्रीनं विचारलं असावं, काय ठरलं, येताय का नांदेडला.

"शनिवारी येतो," ते म्हणाले. "काम निघालंय तिथं." पायानं झोपाळ्याला झोका दिला. "मंजू, आज एक म्हातारा आला होता वर्गात. तू असायला पाहिजे होतीस."

आणि फोन ठेवला.

तनुजा आतून ओरडली, "काका, समारोप राहिला!"